प्रात्यक्षिक

सलाईन लावताना वडिलांची नस तिसऱ्यांदाही सापडली नाही, तसा मुलगा नर्सवर खेकसला, "कुणी शिकवलं तुला?"

"विद्यापीठाच्या ट्रेनिंगमध्ये, सर. पण तिथे प्रात्यक्षिकं झालीच नाहीत. सुई टोचणं फक्त पडद्यावर पाहिलं."

त्या ट्रेनिंगचा करार लवकर मार्गी लागावा म्हणून प्रात्यक्षिकांचं कलम मुलानेच काढून टाकलं होतं.

सुजलेला हात चोळत वडील मात्र कौतुकाने म्हणाले, "अगं पोरी, हा तिथलाच अधिकारी. ट्रेनिंगचे सगळे करार हाच करतो. सांग की त्यालाच!"

नर्सचा चेहरा उतरला. "नाही सर, चूक माझीच आहे. प्लीज, वर तक्रार करू नका."

जमिनीकडे बघत तो म्हणाला, "बरं. नाही करत."