लीगला कोण विचारतं

मयूरने स्ट्रायकर डाव्या हाताने मारला. उजव्या हातात फोन होता, आणि तो खाली ठेवावा एवढी ही लीगची मॅच काही मोठी नव्हती. मंडळाच्या कॅरम स्पर्धेत तो सेमीफायनलला आधीच पोचला होता. समोर नीळकंठराव. निवृत्त माणूस, खास इस्त्रीचा शर्ट घालून खेळायला आलेले. मयूरने दोनदा जांभई दिली, हाताशी आलेली राणी सोडली आणि आरामात हरला.

"लीग को कौन पूछता है, काका?" तो म्हणाला. "फायनल में देखना."

फोनमध्ये अदितीचा फोटो होता. पैठणी, नथ, सगळा थाट. दोन वर्षं स्थळं बघून बघून त्याच्या आईच्या, सुधाताईंच्या, चपला झिजल्या होत्या. ही मुलगी मात्र मयूरच्या मनात पार भरली होती. मुलीकडचे फायनलला येणार होते, म्हणून पठ्ठ्याने सगळा जोर फायनलसाठी राखून ठेवला. लीगभर तो फोटो बघत बसला. चहा संपला की मान वर न करता शेजारी गुण लिहिणाऱ्या मुलीपुढे रिकामा ग्लास धरायचा. दीदी, एक और, बिना शक्कर. दीदी बिचारी उठायची, आणून द्यायची.

फायनलला मात्र गडी काय खेळला! फोन आईच्या पर्समध्ये. प्रत्येक सोंगटीवर नेम. हरलेल्याला वाकून नमस्कारसुद्धा केला. मुलीचे वडील दिगंबरराव पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. मुलगी आत चहाचं बघते आहे, असं कळलं. सुधाताईंनी मनातल्या मनात कार्यालय बुक करून टाकलं.

मग मंडळी मागच्या खोलीत बसली. मयूरच्या मांडीवर चषक. अदिती ट्रे घेऊन आली आणि त्याने डोळे भरून पाहिलं. चेहरा ओळखीचा वाटला. वाटणारच, फोटो काय कमी बघितला होता? तो खुशीत हसला.

"फायनल फार छान खेळलात," ती म्हणाली. "पण लग्नानंतर मला रोज लीगच बघावी लागणार ना?"

कुणालाच काही कळेना. अदितीने ट्रेमधला वेगळा ठेवलेला ग्लास उचलला आणि मयूरपुढे धरला.

"घ्या. बिना शक्कर. दीदीकडून."