ओळखीचे दगड

भैय्याजींच्या पडवीतली फळी त्यांनी जमवलेल्या दगडांनी भरलेली होती. चिखल्याच्या खाणीतला काळा मँगनीज, निळा कायनाइट, पानाचा ठसा उमटलेला एक, बाकी सारे वैनगंगेचे गोटे. बायको रत्नाबाई ते रोज पुसून जिथल्या तिथं ठेवायची.

रत्नाबाई गेली. ज्या खड्यानं चितेजवळ मडकं फोडलं तो जीवखडा, दहाव्यापर्यंत तिच्या जागी मानायचा म्हणून, मुलानं, प्रफुल्लनं, फडक्यात बांधून त्याच फळीवर ठेवला. पाहुण्यांतल्या कुणीतरी फळी झाडली, फडकं धुवायला टाकलं आणि खडा बाकीच्या दगडांत ठेवून दिला.

दहाव्याला कारध्याच्या घाटावर निघायला सारे खोळंबले.

"बाबा, यातली माय कोणती हाय जी?" प्रफुल्लनं विचारलं. "तुमाले तर हरेक गोटा वळखू येते."

भैय्याजी खाली बसले. एकेक दगड हातात घ्यायचा, तो कुठं सापडला ते आठवायचं आणि बाजूला ठेवायचा, असं बराच वेळ चाललं. शेवटी एकच उरला. तो त्यांनी उलटून पालटून पाहिला. त्याच्याबद्दल त्यांना काहीच आठवेना.



"हे घे," ते म्हणाले. "हेच तुही माय."