चोवीस व्होल्ट

मेट्रनबाईंनी स्वतःच्या हाताने मेन स्विच खाली ओढला. टेस्टिंग हॉलमधले पंखे थांबले. इन्व्हर्टरचं कपाटाएवढं धूड ढिम्म उभं राहिलं. वीज गेली की क्षणात जागं व्हायचं, एवढंच त्याचं काम. आणि उद्या ते इस्पितळात, ऑपरेशनच्या खोलीशेजारी बसायचं होतं.

"लाजतंय का?" मेट्रनबाई म्हणाल्या.

साहेबांनी इंजिनीअरकडे पाहिलं. इंजिनीअरने टेबलाकडे. टेबल लख्ख होतं. त्यावर सहा महिने पडून असलेला, बाहेरून वीज पुरवणारा छोटा सप्लाय, पाहुण्या येणार म्हणून, साहेबांनीच सकाळी स्टोअरमध्ये टाकायला लावला होता. धुडाच्या कंट्रोल कार्डाला प्रत्येक चाचणीत तोच जागं ठेवत होता. आता कार्ड मेनच्या विजेच्या भरवशावर होतं.

"अरे, सुरू कर की," साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"सुरू व्हायला त्याला चोवीस व्होल्ट लागतात."

"आणि ते देतं किती?"

"चारशे."

"मग त्यातलेच चोवीस घ्यायला सांग त्याला!"

"सुरू झाल्यावर घेईल."

"आणि आत एवढ्या बॅटऱ्या भरल्यात त्या काय शोभेला?"

"त्यांच्यातून चोवीस काढणारं कार्ड मी तीनदा मागितलं, साहेब. तुम्ही तीनदा उत्तर दिलंत: चालतंय ना, मग कशाला?"

साहेबांनी तरातरा जाऊन मेन स्विच वर केला. पंखे फिरले. धुडावरचे सगळे दिवे हिरवे झाले.

"बघा बाई! झकास चालतंय!"

"वीज असताना आमचा टेबलफॅनही झकास चालतो. वीज गेल्यावर काय? पोट उघडलेल्या माणसाला सांगू, जरा धरून बस?"

साहेबांनी घाम पुसला. "तोडगा आहे. रिपोर्टमध्ये एक ओळ टाकू. लिही रे. वीज गेल्यास, प्रथम वीज सुरू करावी."

इंजिनीअरने मान वर केली नाही. सुवाच्य अक्षरात जशीच्या तशी ओळ लिहिली आणि कागद साहेबांपुढे सरकवला.

"सही."

"तुझी चालेल."

"ओळ तुमची आहे."

मेट्रनबाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

साहेबांनी पेन उघडलं. "चालत नाही वाटतं हे," म्हणत कोपऱ्यात एक रेघ ओढली. उमटली. झटकून दुसऱ्या कोपऱ्यात ओढली. तीही उमटली. मग त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला ओढून पाहिली.