नवसाचं वांगं

डफावर थाप पडली तशी धुरपताबाई खाटेवरून उठली आणि दोन पावलांत परत खाटेवर येऊन बसली. गुडघे ऐकेनात. दिग्रसकडच्या त्या बंजारा तांड्यात होळी पहाटे पेटते. पोरीबाळी घागरे सावरत मैदानाकडे चालल्या होत्या. मोहाचा गोड वास अंगणभर साचला होता, आणि त्या अर्धवट उजेडात माणसं चालतायत की तरंगतायत तेच कळत नव्हतं.

ममताला, नातीला, तिनं शब्द दिला होता. ममताचं लग्न ठरलेलं, माहेरच्या तांड्यातली ही तिची शेवटची होळी. लेंगीच्या फेरात दादी माझ्या शेजारी पाहिजे, एवढंच पोरीनं मागितलं होतं. लेंगी म्हणजे होळीचं गाणं. फेर धरून, कमरेत वाकून नाचायचं. एके काळी धुरपताबाईनं त्यात भल्याभल्यांना दमवलं होतं. आता पोरीला तोंड कसं दाखवावं, या विचारानं तिचे डोळे भरून आले.

तसा दोष तिचाच होता म्हणा. थंडीत दिग्रसच्या डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यांसाठी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, काही दिवस वांगं सोडून पाहा. कुणाला फरक पडतो, कुणाला नाही पडत; नाहीच पडला तर खुशाल खा. आता ऐन थंडीत वांगं सोडायचं? घरामागच्या वाफ्यात झाडं लगडलेली, आणि बाई म्हणतात सोडा! धुरपताबाईनं तिथं मान डोलावली आणि घरी येऊन पहिलं काय केलं असेल तर भरीत. चुलीत वांगं भाजतानाच्या त्या वासावर तिचा जीव होता, त्याला कोण काय करणार.

वांगं सोडलं ते नवऱ्यानं. डॉक्टरीणबाईंकडे पूनमसिंगही तिच्यासोबत गेला होता. त्याच आठवड्यात त्यानं ताटातलं भरीत बाजूला सारलं आणि कढीशी भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तेच. काहून म्हणून विचारलं तर म्हणाला, मन नाही.

हे ‘मन नाही’ तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. तरुणपणी लेंगी तोच उचलायचा, आणि फेरात तिच्यासमोर असा नाचायचा की अख्खा तांडा बघत राहायचा. मग एका होळीला तो फेरात आलाच नाही. मन नाही म्हणाला. पुढच्या होळीलाही नाही, आणि नंतर कधीच नाही. तिनं भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी आपली आपणच समजूत घातली की माणूस आपल्याला विटला. आता हातच्या भाजीलाही विटला. हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, पण ते गुडघ्यांपेक्षा जास्त दुखायचं.

मैदानातून गाणं वर आलं. आवाज ओळखीचा वाटला, म्हणून काठी टेकत ती कशीबशी मैदानाच्या कडेला पोचली. आणि तिला वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत. होळीच्या उजेडात फेर फिरत होता, आणि फेरात ममताच्या शेजारी, कमरेत वाकून, गुडघ्यांत लवून पूनमसिंग नाचत होता. धुरात त्याचं पागोटं दिसायचं, नाहीसं व्हायचं, परत दिसायचं. तो आज म्हातारा आहे की तेव्हाचा तरुण, हेही तिला क्षणभर उमजेना. ममतानं दुरून हात हलवला. तिचा चेहरा आनंदानं फुलून गेला होता.

गाणं संपलं. पूनमसिंग येऊन तिच्याजवळ चक्क उकिडवा बसला. तू येत नाही असं दिसलं, म्हणून तुह्या जागेवर गेलो, म्हणाला.

“आता बरं मन झालं तुमचं,” ती म्हणाली.

चोरी पकडल्यासारखी त्यानं मान खाली घातली. मग हळूहळू सांगू लागला. डॉक्टरीणबाई सोडा म्हणाल्या, ते त्याला नवसासारखं ऐकू आलं. तांड्यात खाण्याची वस्तू सोडतात ती नवसापायीच, आणि ती दुसऱ्याच्या दुखण्यासाठीही सोडता येते. लेकरू आजारी पडलं की आई गोड सोडते, तसं. ही काही सोडत नाही, तिचा जीव वांग्यात. मग तांड्याच्या दैवताच्या, सेवाभायाच्या देवळात जाऊन तिच्या नावानं त्यानंच सोडलं. सांगितलं की नवस फळत नाही, म्हणून बोलला नाही.

“नवस तुह्यासाठी केलता, भारतची याडी,” लेकाची आई म्हणून हाक मारत तो म्हणाला. “आराम मलेच पडला.”

कसला आराम, हे तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग एकदम शिरलं.

“तुमचेबी गुडघे?”

“लई वर्सांपासून. वाकताच येत नव्हतं. फेरात पडलो असतो तं लोक हासले असते, अन् तुह्यी मान खाली गेली असती.”

धुरपताबाईला रडू फुटलं. एवढी वर्षं तिनं या माणसावर मनातल्या मनात दातओठ खाल्ले, आणि तो बापडा दुखणं गिळत कडेला उभा राहिला. तिला त्याला दोन शिव्या घालाव्याशा वाटल्या आणि जवळही घ्यावंसं वाटलं. तो तर स्वतःच ओशाळून बसला होता, जणू बायकोच्या वाटचं काही खाऊन बसलाय. टमाटरबी सोडून पाहतो, म्हणाला, म्हंजे तुह्यावर तरी नवस लागू होईन.

तिनं पदरानं डोळे पुसले.

“राहू द्या. आजपासून वांगं मी सोडलं,” ती म्हणाली, “तुमच्या गुडघ्यायच्या नावानं.”