घंटेच्या रोखाने

लादिनाने दोर मनगटाला गुंडाळला आणि पुन्हा ओढला. डोंगरावरच्या तिच्या हॉटेलच्या मागच्या पडवीत टांगलेली घंटा अशी घणाणली, की पाहुण्या हुर्लीमानबाईंनी कानांवर हात ठेवले.

"अहो, जरा दम घ्या! तास झाला ओढताय."

"थांबले तर त्याला ऐकू कसं जाणार?"

त्याला म्हणजे दुरीला, तिच्या नवऱ्याला. तीन वर्षं बाहेर काढून तो काल अंधार पडल्यावर शेवटच्या बसने घरी आला होता. आज पहाटे अंधारातच उठून नदीपलीकडच्या कुरणातली आपली झोपडी बघायला निघाला. "मालक परत आलाय, कळू दे सगळ्यांना," असं म्हणाला होता. लादिनानेच त्याला थर्मास भरून दिला. दुपारी ढग खाली उतरले, बर्फ पडायला लागला आणि समोरचे देवदारसुद्धा दिसेनासे झाले.

अशा हवेत हेलिकॉप्टर उडत नाही. खालचा रस्ताही बंद झाला होता. तीस पाहुणे हॉटेलात अडकले होते. स्की भिंतीला टेकवून, जवाचं सूप पीत, सगळे हलक्या आवाजात बोलत होते.

"पण नुसत्या घंटेवर माणूस कसा येतो हो?" झ्युरिकहून आलेल्या हुर्लीमानबाईंना काही केल्या पटेना.

"आमच्याकडे पोरांना चालण्याआधी हेच शिकवतात," लादिना म्हणाली. "ढगात डोळ्यांचं ऐकायचं नाही. घंटा नाकासमोर धरायची आणि सरळ चालायचं, की पूल लागतो. दुरी लहानपणापासून तसाच येतोय."

"अशी बायको मिळायला नशीब लागतं," हुर्लीमानसाहेब म्हणाले. "मी हरवलो तर ही आधी माझं सूप संपवेल."

"संपवेनच! गार करून फेकायचं की काय?" बाई फणकारल्या. मग त्यांचं लक्ष लादिनाच्या हाताकडे गेलं. करंगळी वाकडीच जुळली होती आणि दोर नेमका तिच्यावर काचत होता. "हे काय झालं हो?"

"दारात सापडली होती. जुनी गोष्ट आहे."

साहेबांनी तिच्या हातातून दोर काढून घेतला. आळीपाळीने ओढू म्हणाले. लादिनाला भरून आलं. इतकं चांगलं तिच्याशी कोणी कधी वागलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात गेली. नऊ वर्षांची सेराइना चुलीमागे अंग चोरून बसली होती. कालपासून पोरीने घास घेतला नव्हता. पुढ्यातलं सूप तसंच होतं.

"आई, बाबा येतील?"

"मी घंटा वाजवतेय ना? तू खाऊन घे."

सेराइना बराच वेळ आईकडे बघत राहिली. मग तिने चमचा उचलला.

लादिना पडवीत परतली. वारा फिरला तर? आवाज नदीपलीकडे पोहोचलाच नाही तर?

तेवढ्यात ढगातून हाक आली. पुसट होती, पण पडवीच्या अगदी समोरून.

"लादिना!"

"ऐकलंत?" बाई ओरडल्याच. "आला हो आला! ओढा, ओढा!" पाहुणे धावत बाहेर आले. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी दोराला हात लावला. दुसरी हाक पहिलीपेक्षा जवळून आली.

आतला फोन वाजला. लादिनाने उचलला. खालच्या गावात चर्चची घंटा सांभाळणारा म्हातारा गाउदेंझ होता.

"पोरी, इथवर ऐकू येतेय गं घंटा. दुरी वर गेलाय म्हणे. पण एक सांग, तो कालच तुरुंगातून सुटून आलाय. पुलाजवळचं चॅपेल गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या लोटाखाली गेलं आणि तिथली घंटा आपण तुझ्या पडवीत आणून टांगली, हे ठाऊक आहे ना त्याला? जुन्या सवयीने नाकासमोर धरून निघाला तर पूल राहील बाजूला, थेट नदीच्या कड्यावरून खाली जाईल तो!"

"ठाऊक आहे त्याला," लादिना म्हणाली. फोन ठेवून ती बाहेर आली आणि साहेबांच्या हातून दोर घेतला. "आता मला द्या. जवळ आलाय."