दोन बोटं

"पट्ट्याखाली दोन बोटं सरकली की माप बरोबर," मागं नवरा-बायको कुत्र्याच्या छातीभोवती बांधायचा हार्नेस घ्यायला आले, तेव्हा दुकानदारानं सांगितलं होतं. पण तो कुत्रा एका जागी उभा राहील तर शपथ! नवऱ्यानं धरलं, बायकोनं कसाबसा हार्नेस चढवला आणि हसून हसून तिची मुरकुंडी वळली.

आज नवरा एकटाच कुत्र्याला घेऊन आला. "सैल पडलाय हो. लहान माप द्या."

दुकानदारानं बोटं घातली, तर अख्खी मूठ आत गेली. कुत्रा जागचा हलला नाही.

"अहो, वाळलाय हा! खात नाही का?"

"तिच्याच हातनं खायचा. ती गेल्यापासून कशाला तोंड लावत नाही."

दुकानदार लहान हार्नेस चढवायला खाली वाकला. त्या माणसाच्या कमरेचा पट्टा डोळ्यांसमोरच आला. त्याच्या शेवटच्या भोकाच्याही पुढं खिळ्यानं नवं भोक पाडलेलं होतं.