हळदीचा ट्रॉली शॉट

पूर्णा गावात निशाची हळद रंगात आली होती. शूटिंगवाली ऋतिका गोदामातून आणलेल्या सामानाच्या ट्रॉलीवर कॅमेरा घेऊन बसली होती आणि नवरीचा भाऊ प्रितेश ती मागून ढकलत होता.

"हळू, दादा. नाचणाऱ्यांकडं ने."

ट्रॉली खाडीतल्या होडीसारखी अलगद सरकली. इतका सुरेख शॉट ऋतिकाला आजवर मिळाला नव्हता.

बँजोच्या तालावर सगळं अंगण पिवळंधमक होऊन नाचत होतं. कॅमेरा जवळ गेला, तर त्या घोळक्यात हळदीनं माखलेला प्रितेशही नाचत होता.

"दादा, मग ट्रॉली कोण ढकलतंय?"

"कोन न्हाय," तिच्या मागं बघत तो हसला. "मी कवाच सोडली."

"थांब," ती पुटपुटली.

ट्रॉली थांबली. आणि मागून कुणीतरी मायेनं तिच्या गालाला ओली हळद लावली.